राक्षसाची आई

भात पिवळं पडायला लागलं की माझं डोकं फिरायला लागतं. आश्विनातल्या उन्हाला आमच्याकडे धरबंध नसतो. सकाळीच घामाच्या धारा, दुपारी शेतातला उरलासुरला चिखल तडकून त्याचा आंबूस वास, आणि संध्याकाळी कुठून तरी ढग येऊन कापून ठेवलेल्या भातावर पाणी ओतून जाणार. बाहेरची माणसं तोंडवलीच्या किनाऱ्यावर उभी राहून काय सुंदर दिवस आहेत म्हणतात. त्यांना म्हणावं, या, विळा घ्या, एक कोपरा कापून दाखवा, मग सुंदर काय ते बोलू.

पण माझं खरं भांडण उन्हाशी नाही. माझं भांडण एका प्रश्नाशी आहे. भात पिवळं झालं की आमच्या दशावतारी कंपनीच्या मालकांचा फोन येतो आणि ते विचारतात, "भाऊ, काय सुचला काय?" जसं काही मी बाजारात गेलो होतो आणि पिशवीत काय आणलं ते दाखवायचं राहिलंय. मी दिवसा वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्याच्या ऑफिसात बसतो, टरफलांचा धूर खातो, आणि उरलेल्या वेळात कंपनीसाठी आख्यानं रचतो. त्या उरलेल्या वेळाची किंमत कोणाला नाही. वाण्याला विचारत नाहीत की तांदूळ सुचला काय. मला मात्र केस कापताना न्हावीसुद्धा विचारतो.

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्तिकात गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेला खेळ लागतो. त्या खेळाला लिहिलेले संवाद नसतात आणि तालीमही नसते. नट तोंडाला रंग लावत असताना आख्यान रचणारा त्यांना गोष्ट सांगतो, आधी राजा येईल, मग ऋषी, मग राक्षस, कोण कोणाशी भांडेल, कोण मरेल. पुढचं बोलणं ज्याचं त्याने तिथे उभं राहून जमवायचं. बायकांची कामं पुरुषच करतात. गोष्ट चांगली निघाली की नटाचं नाव होतं, वाईट निघाली की माझं.

माझा पुतण्या निखिल पुण्याला असतो. यंदा गणपतीला आला तेव्हा माझ्या फोनमध्ये एक अॅप घालून गेला. दिवसाचे तुकडे पाडायचे, हिरवा तुकडा संशोधनाचा, पिवळा कल्पना सुचण्याचा, निळा लिहिण्याचा. "काका, डोक्याला शिस्त लागली की कल्पना आपोआप येतात," असं त्याने मला, त्याच्या जन्माआधीपासून आख्यानं रचणाऱ्या माणसाला, सांगितलं. परवा पिवळा तुकडा सुरू झाल्याची घंटा वाजली तेव्हा मी विहिरीच्या पंपात अडकलेला बेडूक काढत होतो. फोनने विचारलं, आज किती कल्पना सुचल्या? मी लिहिलं, एक बेडूक. फोन म्हणाला, शाब्बास.

मला कल्पना सुचतात त्या रागातून. प्रेमाने, निवांतपणी, समुद्राकडे बघत मला आजवर काहीएक सुचलेलं नाही. समुद्राकडे बघितलं की मला फक्त बांगडा आठवतो. कोणीतरी काहीतरी मूर्खासारखं बोलतं, माझ्या कपाळाची शीर उडते, आणि त्या शिरेखालून गोष्ट बाहेर येते. त्या अॅपमध्ये रागाला रंग नाही.

राक्षसाच्या आईची गोष्ट सुचली तो काही वर्षांपूर्वीचा पावसाळाही असाच रागाने सुरू झाला. तातू हा आमच्या कंपनीचा स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणारा नट. त्याने अर्धं आयुष्य राण्या केल्या. तो पदर सावरत रंगमंचावर आला की पुढे बसलेल्या बायकांचा हात नकळत आपापल्या पदराकडे जायचा. पावसाळ्यात खेळ बंद असतात तेव्हा तो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, रंगकाम करायचा. मी त्याला भेटायला गेलो होतो. बाहेर धो धो, आत ओल्या मातीचा आणि रंगाचा वास, आणि पाटावर रांगेत बसलेले बिनडोळ्यांचे गणपती. तातू मान वर न करता बोलत होता. त्याचा आवाज जाड झाला होता, गालफडं लोंबायला लागली होती, आणि मालकांनी कुडाळकडचा एक कोवळा मुलगा राण्यांसाठी बघून ठेवला होता.

"मालक म्हणाले, तुज्या वयाक शोभात असा कायतरी भाऊन हाडल्यान तर ऱ्हव. नायतर बस झाला." तातूने ब्रश पाण्यात बुडवला. "माका एक म्हातारी दी रे भाऊ. राणी आता जमाची नाय."

म्हणजे मी काही आणलं तर तातू कंपनीत राहणार, नाहीतर नाही; सगळं माझ्या डोक्यात काय येतं यावर होतं. मला याचाच राग आला. त्याला रंगमंचाशिवाय दुसरं काही नव्हतं. शेत होतं एवढंसं, बायको गेलेली, मूल नाही. जत्रांचे चार महिने तो जगायचा आणि उरलेले आठ महिने त्यांची वाट बघायचा. आणि म्हाताऱ्या आणायच्या कुठून? आमच्या आख्यानांत म्हातारी असते ती शाप देण्यापुरती किंवा मरण्यापुरती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक भिजत आत आलं. त्यांची मूर्ती जरा निराळी होती, देवाच्या पायाखाली राक्षस पडलेला. ते वाकून बघत म्हणाले, "ह्यो राक्षस बरो नाय दिसत. जरा अजून वंगाळ करा. पोरासारको दिसता." खरोखरच मातीचा तो राक्षस तोंड उघडं टाकून झोपलेल्या पोरासारखा दिसत होता. पायाखाली तुडवला जातोय तेवढ्याने या गृहस्थांचं समाधान होत नव्हतं. माझी शीर उडाली. ते गेल्यावर मी म्हटलं, "ह्याला आई नसेल काय रे?"

तातूचा ब्रश थांबला. "आसतली," तो म्हणाला. "नसाक काय झाला?"

बस्स, कल्पना एवढीच. दर जत्रेत पहाटे राक्षस मरतो, लोक हात जोडतात, दहीकाला होतो आणि सगळे जत्रेतल्या गोड खाज्याचे पुडे घेऊन घरी जातात. राक्षसाची आई कुठे असते ते कोणी विचारत नाही. मग मी शोधायला निघालो. आता वाटतं, त्या दुपारी घरी जाऊन झोपलो असतो तरी चाललं असतं.

संशोधन ही फार सोयीची गोष्ट आहे. वाचतोय म्हटलं की लिहिलंस का म्हणून कोणी विचारत नाही. सगळा श्रावण मी सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसलो. पावसाळ्यात तिथली पुस्तकं दमटपणाने अशी फुगतात की एक पान उलटलं तर चार उलटतात. पुराणांत शोधलं. अमुक राक्षस अमुकीच्या पोटी जन्मला, एवढी एक ओळ मिळायची. त्या ओळीनंतर ती बाई गायब. पोराने तप केलं, वर मिळवला, त्रैलोक्य जिंकलं, मेला, आणि ती कुठेही नाही. एवढाले ग्रंथ रचणाऱ्यांना हिच्यासाठी दुसरी ओळ सुचू नये? जिच्या पोटी जन्मला तिच्यापर्यंत बातमी कोणी नेली असेल, हे एकाच्याही मनात आलं नाही.

मग कोणीतरी सांगितलं, तळेऱ्याच्या बाजूला एक कीर्तनकार बुवा आहेत, त्यांना सगळं पाठ आहे. रजा टाकून तिकडे गेलो. बुवांनी चहा दिला, माझं ऐकलं आणि म्हणाले, "राक्षसाच्या आईशी देवाला काय कर्तव्य?" एवढं ऐकायला मी अर्धा जिल्हा ओलांडून गेलो होतो. परत निघालो तर तळेऱ्याच्या नाक्यावर, जिथून देवगड-विजयदुर्गाचा रस्ता फुटतो तिथे, पावसात गाडीची वाट बघत उभा. एकदाची गाडी आली, मी खिडकीत बसलो, आणि गाडी काही हलेना. फडक्यात डबा बांधलेली एक म्हातारी दारात उभी राहून कंडक्टरला विचारत होती, "माजो झील बसलो काय रे गाडयेत?"

कंडक्टरने मुलाचं नाव विचारलं. ती म्हणाली, "उंच आसा. सकाळपासना जेवाक नाय." कंडक्टर आणखी काही विचारणार एवढ्यात मी ओरडलो, "गो आजी, गाडी सुटू दे." ती माझ्याकडे वळली. रागावली नाही. "तुज्या बाजूक बसलो नाय मा?" एवढंच म्हणाली आणि माझ्या शेजारची रिकामी जागा बघून उतरली.

कणकवलीपर्यंत मी धुसफुसत होतो. तिचा राग, बुवांचा राग, ओल्या चपलांचा राग. कुडाळ आलं तेव्हा राग ओसरला होता आणि म्हातारी मात्र डबा घेऊन तशीच उभी होती. माझं आख्यान त्या गाडीत झालं. वाचनालयातला श्रावण फुकट गेला म्हणायचा की त्याच्याशिवाय मी तळेऱ्याला गेलोच नसतो म्हणायचं, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. निखिलला विचारलं तर तो हिरव्या रंगात काहीतरी भरेल.

याच सुमाराला एक सर आले. कुठल्याशा मोठ्या शहरातले, लोकनाट्यावर संशोधन करणारे. त्यांचा वेळ मिनिटामिनिटाने आखलेला होता. आमचा मोकळाच आहे असं त्यांनी धरलं होतं. त्यांना याच्याकडे नेऊन सोडा, त्याची मुलाखत जमवून द्या, जुने फोटो काढून दाखवा, यात माझे किती रविवार गेले त्याची गणती नाही. आणि वर त्यांनी मालवणात एका सभागृहात आम्हा सगळ्यांसाठी शिबिर घेतलं, 'कल्पना कशा फुलवाव्यात'. प्रत्येकाला पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. सुचेल ते लिहा आणि भिंतीला चिकटवा. "वाईट कल्पना असं काही नसतंच," सर म्हणाले. असतं. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः रचल्यात आणि लोकांनी त्या रात्रभर सोसल्यात. तातूच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, चाय खंय मेळता? सरांनी ती भिंतीच्या मधोमध लावली.

मग त्यांनी तातूला समोर बसवलं. "साडी नेसल्यावर तुमच्या आत नेमकं काय होतं?"

"गरम होता," तातू म्हणाला. सरांनी लिहून घेतलं.

आश्विनात मी मालकांना गोष्ट सांगितली. कंपनीचं सामान उन्हात घातलं होतं, मुकुट, गदा, जरीचे झगे, सगळ्याला कापराचा वास. मालकांनी ऐकलं. मरणारा राक्षस त्यांना आवडला. मुंडकं घरंगळत प्रेक्षकांच्या पुढ्यात यावं असं त्यांनी स्वतःच सुचवलं. मग म्हातारी आली तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"राक्षसाची आवस जेवण घेवन येता? शिंगां खंय तिची?"

"शिंगं नाहीत," मी म्हटलं. ऑफिसात बसून बसून माझ्या तोंडात पुस्तकी मराठी बसलीय, आणि चिडलो की तीच येते. "शिंगं लावणार असाल तर दुसरा बघा." दुसरा त्यांच्याकडे नव्हता. तातू राहिला.

पहिल्या जत्रेला देवळामागच्या खोलीत नट रंगायला बसले आणि मी गोष्ट सांगत गेलो. देवाचं काम मालक स्वतः करतात. ते निळा रंग लावत होते. तातूने गालाला काहीच लावलं नव्हतं, नुसत्या केसांना पांढरं फासलं होतं. माझं सांगून झालं तेव्हा त्याने एकच विचारलं, "ती येता तेवा झील गेलो ता तिका म्हायत आसता काय?"

"ते तू बघ," मी म्हटलं. आमच्यात असंच असतं. तिथून पुढचं नटाचं.

मुंडकं घरंगळलं, पोरं आनंदाने किंचाळली, मालकांनी हात उंचावून आशीर्वाद दिला. मृदुंग चढला आणि उतरला. मग तातू आला. फिकं लुगडं, हातात फडक्यात बांधलेलं जेवण. रडला नाही. दशावतारात देव आणि राक्षस पुस्तकी मराठी बोलतात, मालवणी बोलतो तो फक्त विनोदी नोकर. तातूने मालवणीत तोंड उघडलं आणि लोक हसले. त्यांना वाटलं, आता गंमत आहे. तातूने हसू थांबायची वाट पाहिली नाही. तो ऋषीकडे गेला, राजाकडे गेला, माजो झील बगल्यात काय म्हणून विचारलं, आणि शेवटी देवासमोर येऊन उभा राहिला.

"देवा, तुमच्यात खेळाक इल्लो मा माजो झील? सकाळपासना जेवाक नाय. दांडगो आसा तो. तुमका तरास दिल्यान काय?" त्याने आवाज जरा खाली घेतला. "दिल्यान आसात तर माका सांगा. मी मारतंय तेका. तुमी मारू नकात."

मालकांना रंगमंचावर उत्तर सापडलं नाही असं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. शंकराचार्य उभे केले तरी ते वादात हरले नसते. त्या वेळी त्यांचा उचललेला हात तसाच राहिला. मृदुंगवाला बोटं कातड्यावर ठेवून बसला. पुढच्या बायका खाली बघत होत्या. तातूने जेवण देवाच्या पायाशी ठेवलं, पाटावर बसावं तसा बसला आणि वाट बघू लागला. शेवटी मालकांनी पेटीवाल्याला खूण केली आणि आरती सुरू झाली.

आम्ही आत आलो. मालक आरशासमोर निळा रंग पुसत होते. तातू बाजूने गेला तसा त्यांचा हात उचलला गेला. मी शपथेवर सांगतो, तो हात शाबासकीला तातूच्या पाठीवर पडणार होता. पण तेवढ्यात सर कॅमेरा घेऊन आत घुसले. "मालक, अप्रतिम! तातूंनी देवाला निरुत्तर केलं! असं मी कुठेच पाहिलं नाही. फक्त माझा कॅमेरा त्या बाजूला होता हो. तातू, तो प्रसंग पुन्हा एकदा कराल का?"

"खंयचा?" तातूने विचारलं. कुठला प्रसंग ते त्याला खरंच सांगता आलं नसतं.

देवळाचे मानकरी दारातच उभे होते. निरुत्तर हा शब्द त्यांनी ऐकला आणि मालकांनीही. असं कोणी देवाचा रंग तोंडावर असलेल्या माणसासमोर, देवळात, मानकऱ्यांच्या देखत बोलतं? आमच्याकडचं लहान पोरही बोललं नसतं. मालकांचा हात खाली आला. "जत्रा देवाची," ते म्हणाले. "देवाच्या जत्रेत देवाक गप करतलो तो माज्या कंपनीत नको." तातूने काही वाद घातला नाही. लोक खाजं घेत होते, दिवे विझत होते, आणि तो दुसऱ्या गाडीने घरी गेला.

मी मालकांना सोडलं नाही, कारण सोडून करणार काय होतो? पण तेव्हापासून त्यांना मी सपक गोष्टी दिल्या. शाप, उःशाप, हरवलेला राजपुत्र. कुडाळचा मुलगा सुबक राण्या करतो. सरांच्या पुस्तकात त्या प्रसंगावर एक अख्खं प्रकरण आहे म्हणे, तातूचं नाव न देता. मला पाठवलं होतं. मी ते पंपाखाली ठेवलंय, पंप हलायचा थांबला.

यंदाचा मालकांचा फोन वेगळा होता. काय सुचलं ते त्यांनी विचारलंच नाही. शहरातल्या कुठल्याशा महोत्सवाला बोलावणं आलंय, आणि त्यांना तोच खेळ हवाय. गावोगावचे लोकही अजून त्या म्हातारीबद्दल विचारतात म्हणाले. "तातूक विचार. पण म्हातारी बोलूची नाय हां भाऊ. येयत, बसात, रडात. बोलाक नको."

मी फोन आपटला. इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला. जिचं बोलणं एवढी वर्षं लोकांच्या लक्षात राहिलं, तिला मुकी करून शहरात नेऊन दाखवायची. मी उन्हातून तसाच तातूच्या शेतावर गेलो. म्हटलं, दोघं मिळून मालकांचा उद्धार करू, तेवढंच बरं वाटेल. तातू एकटाच भात कापत होता. आता पाठीत वाकलाय, केसांना काही फासायची गरज उरलेली नाही. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं, शिव्यांसकट. तो पेंढी बांधत ऐकत होता.

"मी नाही म्हणून सांगणार आहे," मी म्हटलं. "तोंड बांधून उभं करतात म्हणजे काय? लाज वाटायला हवी त्यांना."

तातूने पेंढी खाली ठेवली आणि हात लुंगीला पुसले. "बोलूचा नाय तर नाय," तो म्हणाला. "उबो रवाक तरी देतत मा?"

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं, रस्ताभर जमवत आलो होतो. तो पुढे आला आणि घाईघाईने, मी नाही म्हणेन अशी भीती असल्यासारखा म्हणाला, "लुगडा माजा मी हाडतंय म्हणान सांग तेंका. जेवणय घरसून करून हाडीन."

मी बांधावरूनच मालकांना फोन लावला. म्हटलं, "म्हातारी गप रवात."